बेतूल ते गालजीबाग, जुन्या रस्त्याने

गावाकडून कुणी गोव्याला निघालं की फोन ठरलेला: "कळंगुटला रूम बघून ठेव रे." ठेवतो. पण त्यातला एक दिवस माझ्या मर्जीने फिरायचं, एवढी अट घालतो. जानेवारीत मामा-मामी कोल्हापूरहून आले, तेव्हा त्यांना सकाळीच गाडीत बसवून मडगावच्या खाली नेलं. (गोव्यात राहून परदेशात असल्यासारखं काय लिहितोस, असं मामा चिडवतात. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत परदेशच होता की!)

गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणला हायवेने लवकर पोचता येतं, पण वाटेत काही हाती लागत नाही. आम्ही असोळण्यावरून बेतूलचा रस्ता धरला. असोळण्याला मामांनी गाडी थांबवायला लावली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी धर्मांतराविरुद्ध उठाव केला. त्यानंतर तिथल्या गावकरांना बोलणी करायला म्हणून बोलावून पोर्तुगीजांनी इथल्या किल्ल्यात मारलं. १८५७ च्या किती आधी, याचा हिशेब मामा पुढचा घाट येईपर्यंत मांडत होते.

बेतूलला साळ नदी समुद्राला मिळते. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७९ मध्ये, इथे किल्ला उभा राहिला. आता नदीच्या मुखाकडे रोखलेली तोफ सोडली तर फारसं काही उरलेलं नाही. मामी मात्र तिथवर आल्याच नाहीत. त्या खाली शिनाण्यांच्या पाटीपाशी बसल्या होत्या. काळपट हिरव्या लांबट शिंपल्या. कोळीण सुरीच्या टोकाने शिंपली उघडायची, खडकाला धरून राहायला त्या जिवाने काढलेले दोरे बोटांनी उपटून टाकायची आणि आतला केशरी गोळा पातेल्यात. मामी मराठीत भाव पाडत होत्या, ती कोंकणीत पाडू देत नव्हती. अडलं कुणाचंच नाही. दुपारी त्याच शिनाण्या रवा लावून तळून ताटात आल्या. घास घेतल्यावर मामी म्हणाल्या, "भाव बरोबर होता बाईचा."

बेतूलनंतर रस्ता सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर चढतो. माड संपतात, जांभा दगड, वाळलेलं गवत आणि मोहरलेले काजू सुरू होतात. गोव्याच्या कुठल्याही जाहिरातीत हा सडा दिसत नाही आणि माझ्या मते किनाऱ्याचा सगळ्यात देखणा भाग हाच. त्याच्या टोकाला काब द राम. वनवासात राम-सीता इथे राहिले अशी लोकांची श्रद्धा, नाव त्यावरूनच. सोंध्याच्या राजाकडून १७६३ मध्ये किल्ला पोर्तुगीजांकडे गेला, पुढे तिथे तुरुंगही होता. आत पांढरंशुभ्र चर्च आहे. तटावर जपून चढा, बुरुजाखाली सरळ समुद्र आहे.

आगोंदला चहापुरतं थांबलो. पाळोळे टाळलं, तिथे तुम्ही माझ्याशिवायही जाणारच.

काणकोणचं चावडी गाव ओलांडून गालजीबागला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. सुरूच्या झाडांमागे लांबलचक किनारा, गाडे नाहीत, छत्र्या नाहीत. थंडीच्या दिवसांत इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून वनखात्याने हा भाग राखून ठेवला आहे. वाळूत चार काठ्या रोवून भोवती जाळी लावलेली दिसली की ते घरटं समजायचं. पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात आणि रात्री ती उजेडाच्या दिशेने धावतात. त्यामुळे इथे संध्याकाळी दिवे पेटवून पार्टी करायचा विचार असेल तर तो कळंगुटलाच करा. मामांनी जाळीजवळ जाऊन वाकून पाहिलं. दिसली फक्त वाळू. तरी फोटो चार काढले.

येताना चावडीच्या बाजारात खोला गावची मिरची घेतली. काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर येते, जीआय मानांकन मिळालेली आहे, रंगाला लालभडक आणि तिखटाला बेताची. मासळीला लावायच्या लाल रेशाद मसाल्याला इथल्या बायका हीच मागतात. भाव ऐकून मामी थबकल्या, मग एक मिरची मोडून वास घेतला आणि अर्धा किलो बांधून घेतली. कोल्हापुरात तांबड्या रश्शाला ती चालते का, ते कळलं की पुढच्या वेळी किती आणायची ते ठरेल.