नास, जे-झी आणि माझी सुट्टी

आज सुट्टी. सकाळी पोहे परतताना रॅपर नासचा 'इलमॅटिक' लावला आणि दुपारपर्यंत त्यातून बाहेर पडलेच नाही. 1994 सालचा अल्बम. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीत वाढलेला, आठवीत शाळा सोडलेला, जेमतेम विशीतला नास! एका गाण्याच्या शेवटी त्याचे जॅझवादक वडील, ओलू दारा, वाजवतात. तिथे हातातलं काम थांबतंच.

मग 2001 चं भांडण. ब्रुकलिनचा रॅपर जे-झी याने 'टेकओव्हर' या गाण्यात त्याला संपलेला ठरवलं. नासने 'ईथर' या गाण्याने उत्तर दिलं. त्यावर जे-झी इतक्या खालच्या पातळीवर घसरला की त्याच्या आईनेच त्याला माफी मागायला लावली. ही माउली मला फार आवडते.

पण आज डोळे भरून आले ते 2005 च्या व्हिडिओने. न्यू जर्सीतल्या त्या कार्यक्रमाचं नाव 'आय डिक्लेअर वॉर', म्हणजे युद्धाचीच घोषणा, आणि जे-झीने स्टेजवर बोलावलं ते नासलाच! पुढच्या वर्षी जे-झी तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीत नास दाखल झाला. पहिलं ग्रॅमी मात्र त्याला थेट 2021 मध्ये मिळालं. चहा कधीच गार झाला होता, तरी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.