तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला कृष्णधवल सिनेमा कुठला बघू?

जुन्या हॉलिवूडची सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्याला बहुधा 'सिटिझन केन' किंवा 'कॅसाब्लांका' ऐकायचं असतं. मी सांगतो, १९३७चा 'मेक वे फॉर टुमॉरो'. हे नाव सहसा कुणी ऐकलेलं नसतं.

गोष्ट साधी. मंदीच्या दिवसांत बँक घर ताब्यात घेते. बार्क आणि लूसी, लग्नाला पन्नास वर्षं झालेली, पाच मुलं. पण दोघांना एकत्र ठेवून घेईल असं एकही घर नाही. ती न्यूयॉर्कला मुलाकडे, तो शेकडो मैल दूर लेकीकडे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा १९३५मध्ये झाला होता खरा, पण दरमहा पेन्शन सुरू व्हायला १९४० उजाडलं. म्हणजे ही जोडी नेमकी मधल्या फटीत सापडलेली.

यातली मुलं दुष्ट असती तर मी हा सिनेमा सुचवलाच नसता. सून घरी पत्त्यांतल्या ब्रिजचे क्लास घेते, तेवढाच संसाराला हातभार. एका संध्याकाळी पाहुणे पानं घेऊन बसलेत आणि सासूबाई त्यांच्यातच झुलत्या खुर्चीत. खुर्ची करकरते. पाहुणे चुळबुळतात, आपल्यालाही म्हातारीचा थोडा वैताग येतो, हे विशेष. मग बार्कचा फोन येतो. म्हातारी माणसं बोलतात तशी ती खणखणीत आवाजात बोलते, त्याच्या तब्येतीची चौकशी करते. पलीकडचा बार्क आपल्याला दाखवतच नाहीत. दिसते ती लूसी आणि हळूहळू गप्प होत गेलेली खोली. मघाशी वैतागलेले आपण आता कुठे बघावं या विचारात.

ही वेळ साधणं दिग्दर्शक लिओ मॅकॅरी विनोदातून शिकला होता. लॉरेल-हार्डीची जोडी जमवण्यात त्याचा हात होता, मार्क्स बंधू या विनोदवीरांचा 'डक सूप'ही त्याचाच. हशा कधी थांबवायचा हे कळणाऱ्यालाच असा फोन चित्रित करता येतो. बार्क झालेला व्हिक्टर मूरही विनोदी नट. लूसीच्या भूमिकेतली ब्यूला बाँडी तर तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. मेकअपपेक्षा तिच्या हातांकडे बघा.

पॅरामाउंट स्टुडिओच्या अ‍ॅडॉल्फ झुकॉर यांना शेवट गोड हवा होता. मॅकॅरी बधला नाही. सिनेमा चालला नाही आणि स्टुडिओने त्याला निरोप दिला. त्याच वर्षी दुसऱ्या स्टुडिओसाठी केलेल्या 'द ऑफुल ट्रुथ' या विनोदी सिनेमाला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा आभार मानून तो म्हणाला की बक्षीस चुकीच्या सिनेमाला दिलंत. माझं मत त्याच्यासारखंच.

शेवट सांगणार नाही. एवढंच, की शेवटच्या अर्ध्या तासात दोघं मुलांकडचं जेवण चुकवून न्यूयॉर्कमध्ये भटकतात आणि परकी माणसं त्यांच्याशी पोटच्या पोरांपेक्षा बरी वागतात. एका हॉटेलातला बँडवाला त्यांना नाचताना गोंधळलेलं बघून चाल बदलतो, जुना वॉल्ट्झ वाजवतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हा बघून झाला की राजा परांजपे यांचा १९५४चा 'ऊन पाऊस' बघा, मग यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी'. 'बागबान' मी सुचवत नाही. एक तर तो तुम्ही पाहिलेला असतो आणि त्यातल्या मुलांचा राग करणं फारच सोपं आहे.