कपावर न मावणारे चार्ल्स कोरिया

भेटवस्तूंच्या दुकानात मोठमोठे वास्तुविशारद फार लहान होऊन बसलेले असतात. बार्सिलोनाचे अंतोनी गाउदी फ्रिजवर चिकटवायच्या सरड्यात मावतात. अमेरिकेचे फ्रँक लॉइड राइट चहाच्या कपाखालच्या चकतीवर येतात, नाहीतर रेशमी टायवर. ग्लासगोच्या चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांच्या वाट्याला ब्रोच आणि कानातले डूल. माणसानं आयुष्यभर इमारती उभ्या कराव्यात आणि शंभर वर्षांनी कुणीतरी त्याला स्कूटरच्या किल्लीला अडकवून म्हापशाच्या बाजारात फिरवावं, हे विचित्रच. तरी मला त्याचा राग येत नाही. मंगेशीला जाऊन आलं की प्रसादाचं फूल घरी येतंच, तसंच हे. अख्खी वास्तू काही उचलून आणता येत नाही.

मी या वस्तूंच्या नादी लागले ते भाच्याच्या वास्तुशांतीमुळे. पर्वरीला फ्लॅट घेतलाय त्यानं. सून आर्किटेक्ट, पणजीला आल्तिनोवरच्या कॉलेजात शिकलेली. तिच्या घरी भिंतीवरचं घड्याळ किंवा सहा पेल्यांचा सेट घेऊन जायची माझी छाती होईना. तसले सेट गोव्यात वरचा कागद न फाडता पेडण्याहून काणकोणपर्यंत फिरत असतात. ताईनं फोनवर बजावलं, “तिला शोभेसं बघ हां काहीतरी.” मग रात्री जेवणं आटोपल्यावर फोन घेऊन बसू लागले, आणि एक वेगळंच जग उघडलं.

तिथे फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांचा लिंबू पिळायचा यंत्रवजा प्राणी भेटला. १९९० साली इटलीच्या अलेसी कंपनीनं तो बाजारात आणला. चकचकीत ॲल्युमिनियमचा, तीन लांब पायांवर उभा, परग्रहावरून नुकताच उतरल्यासारखा. इटलीतल्या एका बेटावर स्टार्क माणक्या, म्हणजे स्क्विड, खात बसले होते, वर पिळायला लिंबू हवं होतं, आणि तिथल्याच टेबलावरच्या कागदावर त्यांनी हा आकार रेखाटला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. माणक्या आणि लिंबू हा संबंध कुठल्याही गोंयकाराला समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे मला हा गृहस्थ लगेच आपला वाटला. वस्तू मात्र आपली वाटेना. बिया अडवायला तिच्यात काही सोयच नाही. लिंबू पिळण्यापेक्षा पाहुण्यांशी बोलायला विषय मिळावा म्हणूनच ती ओट्यावर उभी असावी. त्याच कंपनीची, १९८५ सालची मायकेल ग्रेव्ज यांची किटलीही पाहिली. ग्रेव्ज हाडाचे वास्तुविशारद. किटलीच्या तोंडाशी त्यांनी एक छोटा लाल पक्षी बसवला, पाणी उकळलं की तो शीळ घालतो. ही मला आवडली. पण सुनेकडे विजेची केटल आधीच आलेली होती.

या दुकानांचं एक बरं असतं. प्रत्येक वस्तूखाली कुणाची तरी सही किंवा नाव असतं, आणि त्या नावाचेच पैसे असतात. आपल्याकडेही नाव होतंच की. माझ्या आईच्या लग्नात आलेल्या तांब्यांवर, तपेल्यांवर, समयांवर टिंबाटिंबांनी नावं घातलेली आहेत. पण ती देणाऱ्यांची. अमक्या मामाकडून, तमक्या शेजाऱ्यांकडून सप्रेम भेट, खाली तारीख. घडवणाऱ्या कासाराचं नाव कुठेच नाही. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरलं आणि त्यांनी आपल्या अहवालात सगळ्यात भरभरून लिहिलं ते लोट्याबद्दल. किती पाणी मावावं, भरल्यावर तोल कसा राहावा, कमरेवर, डोक्यावर तो कसा बसावा, ओतताना आवाज कसा व्हावा, सगळ्याचा विचार करून पिढ्यान्‌पिढ्यांनी तो घडवला, असं त्यांचं म्हणणं. त्याच अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. म्हणजे आमच्या माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेल्या त्या तांब्यांना जगात मोठा मान आहे. पण तांब्या नेला असता तर ताई माझ्याशी वर्षभर बोलली नसती.

राइट यांच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले. त्यांच्या रंगीत काचांच्या खिडक्या म्हणजे या सगळ्या बाजाराचा कणा. १९१२ साली शिकागोजवळच्या रिव्हरसाइडला कूनली नावाच्या कुटुंबानं लहान मुलांची शाळा बांधून घेतली. तिच्या खिडक्यांत राइटनी फुगे, पताका आणि उडालेले कागदाचे कपटे काचेत बसवले, जणू आत्ताच खालून मिरवणूक गेली. काय आनंदी खिडक्या आहेत! आज ते फुगे मगवर, छत्रीवर, चष्म्याच्या डबीवर दिसतात. राइटसाहेबांना हे आवडलं नसतं असं म्हणायचीही सोय नाही. नव्वदीकडे झुकलेले असताना, १९५५ साली, त्यांनी स्वतःच आपल्या नावाची कापडं आणि भिंतीचे कागद बाजारात आणले होते. मॅकिंटॉशना हे सुख मिळालं नाही. त्यांची ती शिडीसारख्या उंच पाठीची काळी खुर्ची आज वीतभर प्रतिकृतीच्या रूपातही महाग मिळते. ते स्वतः १९२८ साली गेले, पत्नी मार्गारेट १९३३ साली, आणि त्यानंतर मागे राहिलेल्या चीजवस्तूंची किंमत धरली गेली अवघी ८८ पौंड.

बघता बघता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या दुकानांत ज्यांना जागा मिळते, त्या सगळ्यांनी कुठे ना कुठे नक्षी काढलेली आहे. राइट यांच्या काचा, मॅकिंटॉशचा गुलाब, गाउदींच्या पायाखालच्या षटकोनी लाद्या. नक्षी सपाट असते, तिचा फोटो निघतो, ती कापडावर उतरते. पण ज्यांनी वारा खेळवला, सावली पाडली, दोन भिंतींमध्ये नेमकी मोकळी जागा सोडली, त्यांनी काय करावं? त्यांचं काय छापणार?

आमच्या पणजीतच याचं उदाहरण उभं आहे. कांपालला मांडवीच्या काठावरची कला अकादमी. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ती बांधली, १९८३ साली ती पुरी झाली. कोरिया जन्मले सिकंदराबादला, पण मूळ गोव्याचे. अकादमीत किती नाट्यस्पर्धा, किती भजनस्पर्धा आम्ही पाहिल्या त्याची गणती नाही. पण ती इमारत बाहेरून कशी दिसते असं कुणी विचारलं, तर मला पटकन सांगता येणार नाही. ती दिसण्यापेक्षा लागते जास्त. रस्त्यावरून मांडवाखालून चालत आत यायचं, आणि आपण कधी आत आलो ते कळायच्या आधीच पलीकडे नदी दिसू लागते. तिकीट नसलं तरी तिथे बसता येतं. नाटकाला आलेले, परीक्षेचा अभ्यास करणारे, नुसतेच पाऊस थांबायची वाट बघणारे, सगळे त्याच सावलीत.

आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. त्याच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे रंगवले, त्यांत नटूनथटून बसलेले प्रेक्षक. समोरचं नाटक कितीही रटाळ असो, हे प्रेक्षक उठून जात नाहीत. अनेक हौशी संस्थांचा धीर त्यांच्यामुळेच टिकला असेल.

आता बघा. एकाच छपराखालच्या या दोन माणसांपैकी मारियो आज गोव्यात कुठे नाहीत? कपावर, टाइलवर, उशीच्या अभ्र्यावर, बाटली उघडायच्या चावीवर, सगळीकडे त्यांची टपोऱ्या डोळ्यांची माणसं. पुण्याच्या नातेवाइकांना आता काजूबरोबर मारियोचा मगही लागतो. आणि ते चित्र टिच्चून खरं आहे, पाववाला पोदेर असो, दुकानदार पोस्रेकार असो, चर्चबाहेरच्या बायका असोत. मला मारियो मनापासून आवडतात. कोरियांचा मात्र एक कप मी पाहिलेला नाही. छापणार काय त्यावर? नदीकडून येणारा वारा?

निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज टाइलांचंही तसंच. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात जोर्ज कोलासो यांनी १९३५ साली रंगवलेल्या टाइलांच्या भिंती आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर आहेत. मान वर करून, मागे सरकून बघावं लागतं. त्यांतली नक्षी सुटून बाहेर आली आणि आज फ्लॅटच्या दाराबाहेर घराचा नंबर सांगते, ‘श्री माउली प्रसाद’ अशी मराठीतली पाटीही त्याच निळ्या वेलबुट्टीत दिसते. मला ती छान वाटते. शिंपल्यांच्या तावदानांची गत मात्र बघवत नाही. काच महाग होती तेव्हा आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांत पातळ शिंपले बसवत. ऊन बाहेर राहायचं, उजेड गाळून आत यायचा. आता त्याच शिंपल्यांचे दिवे मिळतात. बाहेरचा उजेड आत घ्यायला होते, त्यांच्या पोटात आपण बल्ब घातला.

भाच्याचा फ्लॅट पाहायला गेले तेव्हा त्याला बाल्कनी होती. चांगली ऐसपैस, समोर झाडं, त्यांच्यावरून दूर मांडवीची एक पट्टी. भाचा उत्साहानं सांगू लागला, “ही आता काचेनं बंद करणार. धूळ नको, पाऊस नको, वर एक खोली वाढेल.” सून काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी वाचला. तिनेच मग मला मोबाइलवर मुंबईतली कांचनजंगा दाखवली. कोरियांचीच, १९८३ सालचीच, २८ मजली. त्या एवढ्या उंच इमारतीचे कोपरे त्यांनी कोरून काढले आणि प्रत्येक घराला दोन मजले उंचीची गच्ची दिली. पश्चिमेचं ऊन आणि पाऊस घराच्या आधी तिच्या अंगावर पडावेत म्हणून. जुन्या बंगल्यांभोवती पडवी असायची, ती त्यांनी आभाळात नेली. आपल्याकडे काय वेगळं होतं? हिंदू घरात राजांगण, ख्रिस्ती घरात बाल्कांव आणि त्याचे सोपे, म्हणजे दगडी बाकं. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायची ती जागा. बाल्कांवावर बसलेल्या म्हाताऱ्यांना गावातली सगळी खबर वर्तमानपत्राच्या आधी असायची.

त्या भेटीनंतर मी फोनवर शोधायचं सोडून दिलं.

चंडीगडच्या खुर्च्यांची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. चंडीगड आखणारे वास्तुविशारद ल कोर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या आखल्या, तिथल्याच सुतारांनी त्या केल्या. पुढे मोडक्या ठरवून भंगारात काढल्या, आणि त्याच परदेशी लिलावांत लाखांनी गेल्या. मला लाखांची खुर्ची नको होती. पण सागवान आणि वेत ही जोडी डोक्यात बसली. वारा पाठीतून आरपार जातो, आपल्या हवेला याहून बरं काय? आमच्या ओळखीच्या सुताराकडे गेले. मामांच्या ओसरीवर होती तशी रुंद हातांची खुर्ची सांगितली, दोन नग. वेत विणणारा माणूस मिळायला वेळ लागला, सुतारकामाला त्या मानानं काहीच नाही. हाताच्या आतल्या बाजूला सुताराकडून त्याचं नाव कोरून घेतलं. तो लाजला आणि आधी नको म्हणाला.

वास्तुशांतीच्या दिवशी खुर्च्या टेम्पोतून आल्या. मी त्या सरळ बाल्कनीत ठेवायला लावल्या आणि भाच्याला सांगितलं, भेट आहे ती याच जागेसाठी, काच बसली तर खुर्च्या परत नेईन. सून तोंड फिरवून हसली. भाच्यानं एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा आभाळाकडे.

“मावशे, पावसांत भिजतली मगे ती!”

“मागीर भितर घे,” मी म्हटलं, आणि बसून बघितली.