बोर शाबूत होतं

कालचा पत्त्यांचा डाव डोक्यातून जात नाहीये. अण्णांना पानं आठवतात तशी मलाही आठवावीत, एवढ्याचसाठी तर मी अक्षरांना आकडे देणारी कटपयादी पद्धत घेऊन बसले होते. कर्नाटक संगीतातल्या 72 मेळांचे क्रमांक रागांच्या नावात लपवणारी तीच ही. क, ट, प, य म्हणजे 1, र म्हणजे 2, ज म्हणजे 8, न म्हणजे 0. प्रत्येक पानाला एक शब्द: पहिलं अक्षर रंगाचं, दुसरं आकड्याचं. किलवर अठ्ठी काजू, बदाम दुर्री बोर. मेंढीकोटातल्या चार मेंढ्या, म्हणजे दश्श्या: पान, बीन, चुना, कान. (इस्पिकला प घेतला.) स्मरणशक्तीच्या स्पर्धावाले अख्ख्या कॅटचा क्रम पाठ करतात. डावात क्रम घेऊन काय करायचंय? पडलेलं पान मनात मोडायचं: काजू ठेचायचा, चुना सांडायचा. शाबूत उरेल ते अजून कुणाच्या तरी हातात.

इस्पिकचा हुकूम होता. बदामचे एक्का-राजा पडून गेलेले, म्हणून आत्याच्या राणीवर मी निर्धास्त दश्शी दिली. अण्णा म्हणाले, "बदाम संपले," आणि इस्पिक चौकीने कापलं. मेंढी गेली. शेवटच्या हाताला त्यांच्याच हातून बदाम दुर्री पडली आणि लगेच गठ्ठ्यात गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र ते बोर तोवर लख्ख दिसत होतं.

आत्या पिसायला लागली, मी गप्प. माझ्याच नशिबी का हे? सगळ्यांसारखी गचाळ आठवण असती तर सुखाने हरले असते. विसरले की लपवलं? दवाखान्याची तारीख परवा त्यांनी दोनदा... जाऊ दे.

ते पान त्यांनी अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. हे मला आठवतंय, की तसं असावं असं वाटतंय? चित्र लावलं नव्हतं त्याचं, त्यामुळे भरवसा नाही.

आणि लपवलं असेल, तर इतकी वर्षं "अण्णांची स्मरणशक्ती म्हणजे काय!" म्हणून आम्ही जे कौतुक करत आलो ते... दुपारी या विचाराने एकटीच हसले. माणूस काय पक्का निघाला! मी इथे बोरं-काजू वेचत बसलेय आणि त्यांचं काम नुसत्या अंगठ्यावर.

लबाडीच असू दे. विसरण्यापेक्षा ती शंभर पटीने बरी.

शनिवारी अण्णांनाच भिडू मागून घेते. चारही मेंढ्या घेऊन आत्याला कोट तरी देता येईल.