आठवडा 11 : घनापर्यंत का जावं लागतं

मंडळी, तीन आठवडे जिथे अडले होते तिथून या सोमवारी सुटले, म्हणून आजची नोंद जरा सविस्तर.

प्रश्न असा होता. एका बानाख लॅटिसवर (नॉर्म, म्हणजे लांबी, आणि लहान-मोठेपणाचा क्रम दोन्ही असलेलं पूर्ण सदिश अवकाश) दोन पॉझिटिव्ह (धन सदिशाला धनच ठेवणारे रेषीय) ऑपरेटर आहेत, 0 ≤ एस ≤ टी. टी कॉम्पॅक्ट आहे, म्हणजे एकक गोलातली कुठलीही क्रमिका घ्या, टीखालच्या तिच्या प्रतिमांतून एक अभिसारी उपक्रमिका निघतेच. मग टीच्या खालचा एसही कॉम्पॅक्ट असणार ना? मला ते इतकं उघड वाटलं की मी दीड पान सिद्धता लिहून मोकळी झाले. चूक दुसऱ्याच ओळीत होती: "एसच्या प्रतिमा 0 आणि टीच्या प्रतिमा यांच्यामधे आहेत, म्हणून त्याही आटोक्यात."

रविवारी कट्ट्यावर वही दाखवली. आमच्यातल्या निवृत्त सरांनी ती ओळ वाचली आणि एवढंच विचारलं, "अगं, 0 आणि 1 च्या मधे किती फलनं मावतात, बघितलंस का?"

सोमवारी डोंबिवलीच्या गाडीत चौथी सीट मिळाली. वही मांडीवर घेतली आणि राडेमाखर फलनं काढायला लागले. 0 ते 1 या रेघेचे दोन भाग, मग चार, मग आठ; एका भागावर +1, शेजारच्यावर −1. उणे भाग पुसून 0 केला की 1 आणि 0 चे पट्टे उरतात. ही सगळी फलनं 0 आणि 1 यांच्यामधेच आहेत. पण कुठलीही दोन घ्या, बरोबर अर्ध्या लांबीवर त्यांच्यात 1 चा फरक पडतो, म्हणजे एल-2 मधलं अंतर (फरकाच्या वर्गाच्या संकलनाचं वर्गमूळ) कायम 1/√2. उपक्रमिका अभिसारी होणार कुठून? मर्यादित मितीत दोन सदिशांमधली जागा कॉम्पॅक्ट असते. इथे ती नाही, आणि माझी सिद्धता नेमकी त्यावरच उभी होती.

आता उदाहरण. तीन अवकाशं शेजारी शेजारी ठेवा: लहान एल-1 (घटकांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज सांत असलेल्या क्रमिका), मग 0 ते 1 वरच्या फलनांचं एल-2, मग लहान एल-अनंत (बद्ध क्रमिका; अंतर म्हणजे घटकांतला सर्वांत मोठा फरक). एस पहिल्यातल्या n-व्या एकक सदिशाला n-व्या पट्टेदार फलनावर नेतो. दुसऱ्यातल्या फलनाला प्रत्येक पट्टेदार फलनाने गुणून संकलन करतो आणि ती उत्तरं रांगेने तिसऱ्यात ठेवतो. टी हेच करतो, फक्त पट्ट्यांच्या जागी सगळीकडे 1. त्याची रँक (प्रतिमांच्या अवकाशाची मिती) अवघी 2, म्हणजे तो कॉम्पॅक्ट आहेच. एसचा वर्ग, म्हणजे एस दोनदा, n-व्या एकक सदिशावर लावला की एक रांग मिळते: n-व्या जागी 1/2, बाकी सगळीकडे 1/4. अशा कुठल्याही दोन रांगांतलं अंतर 1/4. म्हणजे एस नाहीच, त्याचा वर्गही कॉम्पॅक्ट नाही! घन, म्हणजे एस तीनदा, मात्र सरळ 0, कारण तिसऱ्यातलं सगळं एस 0 करतो.

अलिप्रांतिस आणि बर्किनशॉ या गणितज्ञांनी 1980 मध्ये दाखवलं की घन नेहमीच कॉम्पॅक्ट असतो. लॅटिसचा किंवा त्याच्या ड्युअलचा (त्यावरच्या संतत रेषीय फलनांच्या अवकाशाचा) नॉर्म ऑर्डर कंटिन्युअस असेल, म्हणजे क्रमाने 0 वर उतरणाऱ्या सदिशांचा नॉर्मही 0 कडे जात असेल, तर वर्गावरच भागतं. दोघांचेही तसे असतील तर एस स्वतःच कॉम्पॅक्ट. हे शेवटचं डॉड्स आणि फ्रेमलिन यांचं 1979 चं प्रमेय. हा निकाल मी आधी नुसता पाठ केला होता. गाडीत तो कळला, कारण आमच्या उदाहरणात दोन्ही टोकं बिघडलेली आहेत: लहान एल-अनंत लॅटिसला बिघडवतं, लहान एल-1 ड्युअलला.

परतीच्या गाडीत एकेक टोक दुरुस्त करून पाहिलं. तिसऱ्या जागी 0 कडे जाणाऱ्या क्रमिकांचं अवकाश बसवलं, तर 1/4 च्या रांगा तिथे मावतच नाहीत. पहिल्या जागी लहान एल-2 घेतलं, तर टीला सगळ्या घटकांची बेरीज करावी लागते आणि ती बद्ध राहत नाही. दोन्ही वेळा बांधणीच कोसळते. दिवा स्टेशन मागे गेलं तेव्हा एवढंच लिहून झालं होतं. घनाची सिद्धता पुढच्या आठवड्यात.