तुम्ही विचारलंत म्हणून: रिग्रेशन येतं, मग मल्टिलेव्हल कशाला?

अमेरिकेत क्रिमिनल जस्टिसच्या मास्टर्स-पीएचडीला गेलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. उत्तर साक्षीदारांच्या भाषेत देतो. एकाच घरातले पाच जण साक्षीला आले, तर ते पाच स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. साधं रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीवर इतर गोष्टींचा परिणाम मोजणारं मॉडेल, मात्र त्यांना पाच धरतं. मल्टिलेव्हल मॉडेल माणूस (खालची पातळी) आणि त्याचा गट (वरची पातळी) यांचा फरक वेगळा मोजतं.

सॅम्पसन, रॉडनबुश आणि अर्ल्स यांचा शिकागोवरचा 1997 सालचा अभ्यास घ्या: 8,782 रहिवासी, 343 वस्त्या, म्हणजे वस्तीमागे सरासरी पंचवीसेक माणसं. समजा, उत्तरांतल्या एकूण फरकापैकी 5 टक्के फरक वस्त्यावस्त्यांमधला आहे. मग माहिती किती पट फुगलेली दिसते ते असं निघतं: 1 + (25 − 1) × 0.05 = 2.2. आता 8,782 ला 2.2 नं भागा. हाती उरतात चारेक हजार स्वतंत्र साक्षीदार. वस्तीच्या गरिबीसारख्या चलासाठी (व्हेरिएबलसाठी) तर खरा आधार 343 चाच. हे विसरलात की स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, खोटा लहान येतो आणि टेबलात नको तिथे 'लक्षणीय परिणाम' सांगणारे तारे चमकतात.

पहिलं मॉडेल रिकामं चालवा: एकही चल नाही, फक्त गट. गटाचा व्हेरियन्स (आकड्यांमधला फरक) भागिले एकूण व्हेरियन्स, हा आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन), म्हणजे एकूण फरकातला गटांचा वाटा. निकाल 'तुरुंगवास झाला की नाही' असा असेल तर आउटपुटमध्ये खालच्या पातळीचा व्हेरियन्स शोधत बसू नका, तो नसतोच. लॉजिस्टिकमध्ये, म्हणजे अशा हो-नाही निकालाच्या मॉडेलमध्ये, तिथे 3.29 धरतात. गटाचा 0.40 आला तर 0.40 ÷ 3.69, साधारण 11 टक्के.

खरी गोची सेंटरिंगमध्ये, म्हणजे आकड्यातून सरासरी वजा करण्यात. पेनसिल्व्हेनिया राज्यात 67 काउंटी (जिल्हे) आहेत; इथे गट म्हणजे काउंटी. आरोपीचा पूर्वगुन्ह्यांचा स्कोर तसाच घातलात, तर एकाच काउंटीतल्या आरोपींमधला फरक आणि काउंटीकाउंटींमधला फरक एकाच आकड्यात कालवले जातात. स्कोर 5, काउंटीची सरासरी 2, तर खालच्या पातळीवर 3 घाला आणि ती 2 वरच्या पातळीवर वेगळं चल म्हणून द्या. आरोपींचा फरक वजा करून फक्त काउंटीचा परिणाम बघायचा असेल, तर एकूण सरासरी वजा केलेली चालते. प्रश्न कुठल्या पातळीचा, हे आधी कागदावर लिहा.

रँडम स्लोप, म्हणजे चलाचा परिणाम गटागणिक बदलू देणं, हे शेवटी, एकेक करून. आर या सॉफ्टवेअरच्या एलएमई-फोर (lme4) पॅकेजनं 'सिंग्युलर फिट' म्हटलं की मुलं ऑप्टिमायझर (उत्तर शोधणारी पद्धत) बदलत बसतात. त्यानं कन्व्हर्जन्सची (उत्तरापर्यंत न पोचल्याची) तक्रार कधीकधी मिटते, ही सहसा नाही. 'सिंग्युलर फिट'चा अर्थ: स्लोपचा व्हेरियन्स शून्यावर टेकलाय किंवा कोरिलेशन 1 किंवा −1 ला भिडलंय. तेवढं सांगण्याइतका डेटाच नाही. स्लोप काढा.

आणि हो, न्यायाधीशांचे कोड तपासा. दर काउंटीत क्रमांक 1 पासून सुरू होत असतील, तर फिलाडेल्फियाचा 3 आणि ईरीचा 3 यांना सॉफ्टवेअर एकच माणूस समजेल. काउंटी आणि न्यायाधीश जोडून नवा कोड करा. हे राहिलं तर चूक दाखवणारा एकही संदेश येत नाही. आउटपुट अगदी देखणं येतं.