डावा की उजवा

फॉर्मवर लिहिलं होतं, ‘लहानपणी मोडलेला हात : डावा.’ माझ्यासमोर मातीत, लहानपणी मोडून जुळून आलेलं जे हाड होतं, ते उजव्या हाताचं होतं.

मी तीनदा तपासलं. अंगठ्याच्या बाजूचं, कोपर ते मनगट जाणारं हाड, म्हणजे रेडियस. मधोमध बोटाला लागेल असा उंचवटा, हाड किंचित बाकदार. प्लास्टर न घालता, नुसतं बांधून बरं झालेलं असणार. डाव्या-उजव्याची चूक पहिल्या वर्षाच्या पोरांनी करावी, मी नाही. वर बघितलं तर खड्ड्याच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, ज्याला आम्ही शोधत होतो त्याची बहीण बसली होती, गुडघ्यांवर शाल, वय ऐंशीच्या आसपास. सकाळपासून तिने जागा सोडली नव्हती.

माझं शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं. तिथे इनामगावची हाडं हाताळत मी शिकले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी राहणारी ती माणसं. मूल गेलं तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवायची आणि घरातच जमिनीखाली पुरायची. मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडायची. मेलेल्याने उठून घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असं आम्हाला वर्गात सांगितलेलं. त्या हाडांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यांच्या बहिणी काठावर खुर्ची टाकून बसत नाहीत. काठावर बसलेल्या बहिणीची मला सवय नव्हती.

२०१७ साली मी दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात होते, एका विद्यापीठात संशोधनासाठी. तिथल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं एक छोटं पथक आहे, वर्णभेदाच्या काळात बेपत्ता झालेल्यांचा शोध घेणारं. त्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचं काम संपलं तरी कितीतरी घरांना आपलं माणूस नेमकं कुठे आहे ते कळलेलं नव्हतं. म्हणून २००५ मध्ये हे पथक नेमलं. सुरुवातीला अर्जेंटिनाच्या लोकांनी त्यांना हाताला धरून शिकवलं. लष्करी राजवटीने गायब केलेल्यांची हाडं शोधण्यात त्यांची हयात गेली होती. या पथकाला हाडांचं कळणारी माणसं लागायची, तशी मी अधूनमधून जायचे.

२०१६ पासून त्यांनी राजकीय गुन्ह्यांसाठी फाशी गेलेल्यांचं काम हाती घेतलं होतं. बेपत्ता म्हणजे पळवून नेलेला, मारून पुरलेला, असं मी समजत होते. यांचा तर रीतसर खटला चाललेला, निकाल लागलेला, तारीख ठरलेली. पण प्रिटोरियाच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशी दिल्यावर प्रेतही सरकारचंच राहायचं. घरच्यांच्या ताब्यात द्यायचे नाहीत, दफनाला येऊ द्यायचे नाहीत. शहराच्या कब्रस्तानांत बेवारशांच्या भागात नेऊन पुरून टाकायचे, वर दगड नाही, पाटी नाही. फाशीघरात एका वेळी सात जणांची सोय होती. आता तिथे संग्रहालय आहे. वर जायच्या बावन्न पायऱ्या आहेत; मी एकदाच चढले.

साठच्या दशकात राजकीय गुन्ह्यांसाठी तिथे फाशी गेलेल्यांपैकी पुष्कळ जण ‘पोको’ या सशस्त्र चळवळीतले. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली, लगेच एप्रिलमध्ये काळ्यांच्या दोन्ही मोठ्या संघटनांवर बंदी आली, आणि भूमिगत झालेल्यांतून हे लोक उभे राहिले. शेतमजूर, खाणमजूर, होस्टेलात राहणारी तरुण पोरं. त्यांच्या हातून खूनही झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पार्ल शहरात कुऱ्हाडी-दगड घेऊन जमाव निघाला, त्यात दोन गोरी तरुण माणसं मेली आणि मोर्चातले पाच जण पोलिसांच्या गोळीने. त्या दोघांच्या घरच्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण त्यांना निदान थडगं होतं, जिथे फुलं ठेवता येत होती. मला वाटतं, फाशी देणं आणि आईला कबरीचा पत्ता न देणं या दोन वेगळ्या शिक्षा आहेत, आणि दुसरी कुठल्याही निकालपत्रात लिहिलेली नाही.

तर त्या दिवशीची कबर. नगरपालिकेच्या दफन-नोंदवहीतून जागा हुडकलेली. जेसीबीने वरची माती काढली, मग खुरपी, मग ब्रश, मग बांबूच्या काड्या. एकावर एक तीन शवपेट्या होत्या. लाकूड केव्हाच गेलेलं, फक्त काळपट रेघ आणि गंजलेले खिळे. तिघेही एकाच सकाळी फाशी गेलेले. नोंदवहीप्रमाणे आपला माणूस मधला. पण पुरणाऱ्यांनी घाईत क्रम पाळला असेलच असं नाही.

मग उंची. तुरुंगात त्यांची मापं घेत, उंची, वजन, मान, दोरी किती सोडायची ते ठरवायला. आमच्याकडच्या कागदावर त्याची उंची होती, पाच फूट सात इंच. मांडीच्या हाडावरून माझा अंदाज निघाला १६९ सेंटीमीटर, दोन-चार इकडेतिकडे. म्हणजे जुळतं. ज्या मापावर त्याला लटकवला त्याच मापावर मी त्याला ओळखत होते. हे मला तेव्हा सुचलंही नाही, रात्री आंघोळ करताना सुचलं. पण वरच्या पेटीतला माणूसही साधारण तेवढाच होता. खालचा बराच बुटका. म्हणून सगळी भिस्त मोडलेल्या हातावर होती, आणि तो मधल्याचाच होता. फक्त बाजू उलटी.

मी खालून ओरडले, “दोन नंबरचा उजवा रेडियस, जुना फ्रॅक्चर, फॉर्मशी जुळत नाही.” इंग्रजीत. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘दोन नंबर’ तिला कळलं. तिने दुभाषी मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, “मखुलू विचारते, तुरुंगातही त्याला नंबर होता, इथेही आहे का?” मखुलू म्हणजे आजी. मी चूक कबूल केली. त्यानंतर आम्ही त्याचं नाव घेऊन बोललो. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे.

पथकाच्या प्रमुखांनी काम थांबवलं. चुकीचा माणूस चुकीच्या घरी गेला तर दोन घरं बुडतात. मी वर आले, हातमोजे काढले, तिच्यासमोर उकिडवी बसले. दुभाषीला म्हटलं, कोणता हात ते परत विचार. म्हातारीने आपल्याच डाव्या हातावर चापट मारली. “हा.” फॉर्म भरणाऱ्याने हेच बघून ‘डावा’ लिहिलं असणार. मी म्हटलं, नक्की? तिला राग आला. ती पुन्हा चापट मारून, “हा, हा” म्हणाली.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, “कसा मोडला ते सांगता?”

बैलावर बसायला गेला आणि पडला. तो नऊ वर्षांचा, ती त्याच्याहून मोठी. आई गोऱ्यांच्या घरी कामाला, दोन-तीन महिन्यांनी यायची. हात गळ्यात बांधलेला. जेवता येईना, आणि दुसऱ्या हाताने जेवायला लाजायचा, पोरं हसायची. “मग मी भरवायचे,” असं दुभाषीने सांगेपर्यंत म्हातारी खुर्चीत पुढे सरकली होती. मांडीवर वाडगा धरावा तसा एक हात, दुसऱ्या हाताचा चमचा माझ्या तोंडापर्यंत. मक्याचा मोकळा सांजा आणि वर आंबट दूध, त्यांच्याकडचं रोजचं खाणं. दोन घास तिने मला हवेतच भरवले. मग वाडग्याचा हात सोडून, पुढे होऊन, तिने हलकेच माझा हात दूर सारला. दुखरा हात मध्ये येत असणार, तसा. म्हणाली, “हा. हा बाजूला घ्यायचे.”

तिने डाव्या हाताने सारलेला माझा हात उजवा होता.

कोणी काही बोललं नाही. दुभाषी मुलीने तोंडावर हात ठेवला. सत्तर-एक वर्षं म्हातारी त्याला समोरून बघत होती. तिच्या आठवणीत तो कायम समोर बसलेला, जेवायला, आणि मोडका हात तिच्या डावीकडे. आम्ही विचारलं होतं ‘कोणता हात’, आणि तिने आरशात दाखवावा तसा दाखवला. आमचा फॉर्म चार पानी आहे, त्यात दातांतली फट, लंगडणं, जुने मार, सगळ्याला रकाने आहेत. माणूस कुठे बसून आठवतो आहे, याला रकाना नाही.

मी ‘डावा’वर आडवी रेघ मारली, ‘उजवा’ लिहिलं, सही-तारीख केली. शेऱ्यात लिहिलं, ‘बहिणीने भरवून दाखवले.’ प्रमुखांना विचारलं, अहवालात हे चालेल का. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, ठेव. अर्थात एका हातावर काही ठरत नाही, म्हातारीच्या गालाच्या आतला नमुना घेतला, हाडांचाही घेतला. हाडं त्या दिवशी आमच्याबरोबरच गेली, घरी पोचायला त्यांना आणखी काही महिने लागले.

पण घरचे त्याला तेवढं थांबवायला तयार नव्हते. दुपारी पुतण्या, तोही पन्नाशीचा, एक फांदी घेऊन खड्ड्याशी आला. फांदी बघून मी चमकले. वाकडीतिकडी काडी, चकचकीत पानं, काट्यांची जोडी, एक सरळ आणि एक आकड्यासारखा. बोर! ते उम्फाफा म्हणतात, पण घराणं आपल्या बोरीचंच. त्यांच्यात परक्या जागी मेलेल्याचा आत्मा त्या फांदीवर बसवून घरी नेतात. नेणाऱ्याने वाटेत कोणाशी बोलायचं नाही, फक्त त्याच्याशी बोलायचं, कुठे चाललोय, कोणती नदी आली, ते सांगत राहायचं. आपल्याकडे कावळा शिवेना की घरची माणसं पिंडापुढे हात जोडून बोलायला लागतात, साधारण तशाच आवाजात तो बोलत होता. तू इथे होतास, आम्हाला ठाऊक नव्हतं, ऊठ, घरी जायचंय.

फाटकापाशी सगळ्यांनी हात धुतले, आम्हीही. मिनीबस उभी होती, ईस्टर्न केप प्रांतापर्यंत रात्रभराचा रस्ता. खिडकीशेजारची एक सीट रिकामी ठेवली होती. पुतण्याने दार सरकवलं, फांदी पुढे धरली, वाकला आणि हळूच काहीतरी म्हणाला. मी दुभाषीकडे बघितलं.

“डोकं सांभाळ, म्हणतोय,” ती म्हणाली. “दार खाली आहे.”